चौदा हात दोन इंच

माझ्या सासऱ्यांचं माप चुकत नाही, हे आमच्या चिंताकी गावातल्या शेंबड्या पोरालासुद्धा माहीत होतं. मान्य नव्हतं ते फक्त मला, आणि त्याला कारण होतं. मी तिसरीत असताना त्यांनी मला शाळेचा फ्रॉक शिवून दिला होता. त्याच्या बाह्या चांगल्या दोन बोटं आखूड झाल्या. मी रडत गेले, तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "माप बरोबर हाय. तुझेच हात वाढलेत." आठ दिवसांत हात वाढले म्हणे माझे. तेव्हा ते नुसते मामा होते, माझ्या आईचे सख्खे भाऊ. पुढे मी त्यांच्याच घरात सून म्हणून आले, आमच्यात भाचीला सून करून घेतातच. मामा ते मामाच राहिले आणि त्या बाह्याही माझ्या डोक्यात तशाच राहिल्या. हा माणूस एकदा तरी "माझं चुकलं" म्हणेल, याची मी तीस वर्षं वाट बघत होते.

हावगेप्पा त्यांचं नाव. आम्ही शिवशिंपी, म्हणजे लिंगायत शिंपी. मामांचं वय सत्तरीच्या पुढे, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग आणि त्याच्यावर टेप. सकाळी अंघोळ झाली की आधी लिंगपूजा, मग टेप गळ्यात, मग चहा. त्या टेपला घरात कुणी हात लावायचा नाही. चैत्रा, माझी मुलगी, रांगती असताना तिने एकदा तो तोंडात घातला, तर दोन दिवस मामा माझ्याशी बोलले नाहीत. जणू मीच चावले होते.

तरुणपणी त्यांनी सदरे, पायजमे शिवले, पण नाव झालं ते झुलींनी. वरातीच्या घोड्याच्या अंगावर मखमलीची झूल असते ना, जरीची किनार आणि आरसे लावलेली, ती. औराद, भालकी, हुमनाबाद, कुठंही वरात दिसली तर नवरदेवाकडं नंतर बघा, घोड्याच्या अंगावर मामांची झूल असणार. मालक घोडा घेऊन दारात यायचा. मामा मानेच्या बुडाशी जो उंचवटा असतो तिथं डावा तळवा ठेवायचे, "थांब रे बाबा" म्हणायचे, आणि टेप अंगावरून खाली जमिनीपर्यंत सोडायचे. आकडा मोठ्यानं म्हणायचा. त्यातून वीतभर वजा केलं की झूल मातीत घासत नाही. मग मोजलेला पुरा आकडा, काही वजा न करता, दुकानाच्या भिंतीवर पेन्सिलीनं, घोड्याच्या नावापुढं. पन्नास वर्षांचे घोडे आहेत त्या भिंतीवर. निम्मे केव्हाच मेले, पण त्यांचे इंच जागेवर आहेत, आणि मामांना ते सगळे तोंडपाठ आहेत. दुसऱ्यांदा मोजायची पद्धत नाही. एकदा मोजलं ते मोजलं.

आता चैत्राचं सांगते. आमच्या गल्लीत ग्यानबा राहतो, वरातीला घोडी नेण्याचा त्याचा धंदा. त्याची चांदणी नावाची पांढरी घोडी. चैत्रा दहा वर्षांची असल्यापासून त्या घोडीच्या मागे. आधी पाणी पाजायला जायची, मग खरारा करायला, मग एक दिवस बघते तर कार्टी वर बसलेली. मी ओरडले, तिच्या वडलांना बीदरला ऑफिसात फोन लावला, काही उपयोग झाला नाही. आणि खरं सांगू का, चांदणीची रवाल चाल मी बघितली त्या दिवशी मी ओरडायचं सोडलं. रवाल म्हणजे घोडी उधळत नाही, उड्या मारत नाही, चारी पाय एका तालात भराभर पडतात आणि वरच्या माणसाच्या हातातला पाण्याचा पेला सांडत नाही. चैत्रा पेला हातात घेऊन आमच्या घरापासून पाण्याच्या टाकीपर्यंत जायची आणि परत येऊन ते पाणी माझ्यासमोर प्यायची. मला चिडवायला.

जानेवारीत खजुरीच्या जत्रेचं पत्रक आलं. रवाल चालीची शर्यत, सोळा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींसाठी, दोन गट. पहिल्या नंबराला राज्याच्या घोडेस्वारी शिबिरात जागा. चैत्राला मार्चमध्ये सतरावं लागणार होतं. म्हणजे हेच वर्ष, नाहीतर नाहीच. पत्रक हातात घेऊन ती घरभर फिरायली होती, तिचे पाय जमिनीला लागेनात.

"अव्वा, हे बघ. लहान गट म्हंजी चौदा पॉइंट दोन हातापर्यंतची घोडी. त्याच्यावर मोठा गट."

ग्यानबा तिथंच बसला होता. तो घाबरला. "चौदा हात? ती काय हीर हाय व्हय?" आमच्याकडं विहीर हातांनी मोजतात, कोपरापासून बोटांपर्यंत. मी त्याला समजावलं की घोड्याचा हात वेगळा, फक्त चार इंचांचा, तळवा आडवा धरला तर जेवढा भरतो तेवढा.

"मग सोपं हाय," मी म्हटलं आणि गणिताच्या बाईच्या थाटात चौदा पॉइंट दोनला चारानं गुणलं. छप्पन्न पॉइंट आठ. चैत्रा हसायला लागली.

"न्हाई गं अव्वा. टिंबाच्या पुढं ते इंच असतेत. चौदा हात आन् वर दोन इंच. टिंबापुढं तीनच्यावर आकडाच येत न्हाई, चौथा इंच झाला की पुढचा हात भरला."

सहावीला गणित शिकवते मी, आणि पोरीनं माझीच चूक काढली. पण बरोबर होतं तिचं. चौदा चोक छप्पन्न आणि दोन, अठ्ठावन्न इंच. अठ्ठावन्नपर्यंत लहान गट. आम्ही तिघं दुकानाच्या भिंतीकडं पळालो. चांदणीच्या नावापुढं मामांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, साठ.

साठ भागिले चार, बरोबर पंधरा हात. दोन इंचांनी घोडी मोठ्या गटात गेली. मोठ्या गटात सोळा सोळा हातांचे मारवाडी घोडे येतात, त्यांच्या एका पावलात चांदणीची दीड पावलं. चैत्राचा चेहराच उतरला.

"अज्जा, एकदा परत मोजा ना," ती म्हणाली.

मामांनी शिलाई मशीन थांबवलं नाही. "कामून? घोडी वाढली का?"

"तुमचं चुकलं असंल तर?"

मशीन थांबलं. "पन्नास वर्षांत एक झूल परत आली न्हाई माझी. साठ म्हंजी साठ."

मग मी मध्ये पडले. मी म्हटलं, मामा, लेकराचा हा एकच मोका जायलाय, तुमचं काय जाईल परत टेप लावला तर. नाकावर माशी बसू देतील तर ते मामा कसले. म्हणाले, "आज परत मोजलो तर उद्या लोक हर झूल परत मोजा म्हणतील." अर्जावर मोजणाऱ्याची सही लागत होती. त्यांनीच खिशातलं पेन काढून केली. उंची पंधरा हात, मोठा गट. मला इतका राग आला होता की त्या दिवशी मी त्यांच्या ताटात जोंधळ्याची भाकरी नुसती ठेवली, मोडून दिली नाही. दात नाहीत त्यांना धड. त्यांनीही मुकाट्यानं कुस्करून खाल्ली.

खजुरीला आम्ही टेम्पोनं गेलो, आदल्या दिवशीच, भालकी आणि बसवकल्याणवरून. मागं चांदणी, चैत्रा आणि ग्यानबा, पुढं मी आणि मामा. ते कशाला आले असं विचारलं तर म्हणाले, "झुली बघायला." खोटं होतं ते. नात मोठ्या गटात मागं पडणार आणि आपण घरी बसायचं, हे त्यांना जमलं नसतं.

सकाळी मैदानावर काय गर्दी होती, काय सांगू. तुरीचं रान साफ करून गोल रिंगण आखलेलं, कडेला चुना, फेटे बांधलेले मालक, उसाच्या रसाची गाडी, भजी, लाऊडस्पीकरवर कानडी, मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात. एका झाडाखाली बीदरहून आलेले जनावरांचे डॉक्टर लहान गटाचे घोडे मोजत होते. मोठ्या गटाला मोजणी नव्हती, म्हणून आम्ही नुसते बघत उभे. डॉक्टरांकडं एक उभी लाकडी काठी होती, तिला आडवी दांडी. काठी घोड्याच्या शेजारी सरळ उभी करायची, दांडी खाली सरकवून त्या मानेच्या बुडाच्या उंचवट्यावर टेकवायची आणि आकडा वाचायचा.

पहिला हुमनाबादचा राजा. डॉक्टर म्हणाले, "चौदा पॉइंट एक."

मामांनी माझ्या कोपराला धरलं. "म्हंजी किती इंच गं?"

"चौदा चोक छप्पन्न आणि एक. सत्तावन्न."

"भिंतीवर एकोणसाठ हाय."

दुसरी भालकीची तुळजा. बरोबर चौदा. "छप्पन्न," मी न विचारताच सांगितलं. मामांचे ओठ हलले. भिंतीवर अठ्ठावन्न. दोन्हीकडं दोन इंचांचा फरक, आणि आम्हाला हवे होते तेही दोनच इंच.

तिसरा औरादचा काळा मोती. तेरा पॉइंट तीन. तेरा चोक बावन्न आणि तीन, पंचावन्न. "भिंतीवर साडेछप्पन्न," मामा पुटपुटले. इथं फरक दीडच इंचाचा. चांदणीच्या साठमधून दीड गेला तर साडेअठ्ठावन्न, म्हणजे बाहेर. दोन गेले तर अठ्ठावन्न, म्हणजे आत.

"काठीच खोटी हाय," मामा म्हणाले आणि तरातरा झाडाखाली गेले. डॉक्टरांना विचारलंही नाही. गळ्यातला टेप काढला, काठीच्या बुडाशी एक टोक पायानं दाबलं आणि चौदाच्या खुणेपर्यंत ताणला. मी मागून वाकून बघितलं. छप्पन्न. सुतानंही इकडंतिकडं नाही. त्यांच्याच टेपनं काठी खरी ठरवली.

मामांनी टेपवरचा पाय उचलला. मग मोतीकडं बघितलं, मग तुळजाकडं, मग ग्यानबाच्या हातातल्या चांदणीकडं. हळूच टेप चांदणीच्या उंचवट्यावर ठेवून खाली सोडला. टेप पोटाच्या गोलाईवरून वळून खाली गेला. मामांनी टेपचं वरचं टोक त्याच उंचीवर, पण पोटाच्या बाहेर धरून तो सरळ सोडून बघितला, आणि परत अंगावर ठेवला. दोनदा केलं. सरळ धरला की टेपचं खालचं टोक जमिनीवर लोळायचं.

"दानेश्वरी," ते मला म्हणाले, "काठी सरळ जाती. माझा टेप पोटावरून फिरून जातो."

"मग मोतीला दीडच कसा?"

"मोती हाडकुळा. त्याला पोटच न्हाई. आन् ह्या ग्यानबानं हिला गूळ चारून चारून बघ कशी केलीय." त्यांचे डोळे चमकायला लागले होते. "हिचे दोन तरी जाणारच."

चैत्रा हे सगळं ऐकत होती. तिनं तोंडावर हात धरला होता आणि ती नुसती माझ्याकडं बघत होती. आम्ही धावत टेबलाकडं गेलो. तिथं समितीचा किरणकुमार बसला होता, वही आणि शिक्का घेऊन. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"गट बदलता येतो अक्का. पण ज्यांनी सही केली त्यांनीच लिहून द्यायचं, माप चुकलं म्हणून. मग मोठ्या गटातलं नाव कटलं. आन् इथं काठीत बसली न्हाई तर दोन्हीकडून बाद. बघा बाबा."

निदान मोठ्या गटात ती पळाली तरी असती. मी चैत्राकडं बघितलं, ती अज्जाकडं बघायली होती. टेबलाभोवती वीस-पंचवीस मालक उभे होते, आणि त्यातल्या निम्म्यांच्या घोड्यांवर मामांच्या झुली होत्या. सगळे मामांना ओळखत होते. कुणीतरी "काय अण्णा, काय झालं?" असं विचारलंही.

मामांनी चष्मा काढला, पुसला, घातला.

"लिही बाबा," ते म्हणाले, आणि आकडा म्हणायचा त्यांचा जो मोठा आवाज होता ना, त्याच आवाजात म्हणाले, "हावगेप्पा शिंपी, चिंताकी. माझं माप चुकलं. म्या घोडी मोजली न्हाई, झूल मोजली."

तीस वर्षं मी ह्या शब्दांची वाट बघितली होती. मनात ठरवलं होतं, ज्या दिवशी ऐकेन त्या दिवशी पेढे वाटेन. आणि ऐकले तेव्हा मला त्यांच्याकडं बघवेना.

"मग आमच्या झुलीचं काय अण्णा?" भालकीवाल्यानं चेष्टेनं विचारलं.

"झुली बरोबर हायती. तुझी घोडीच म्या दोन इंच वाढवून ठेवलीय," मामा म्हणाले. सगळे हसले, आणि मामा पण.

चांदणीला झाडाखाली आणलं. पण लाऊडस्पीकर, गर्दी, अनोळखी काठी, घोडी बिथरली. मान वर, कान उभे, सगळं अंग ताठ. डॉक्टरांनी दांडी टेकवली. "चौदा पॉइंट दोन, आणि वर अर्धा." डॉक्टर चांगला माणूस. म्हणाले, "ताठली आहे ती. मान खाली येऊ द्या, पाय सरळ घ्या. आणखी एकदा बघतो, मग मात्र लिहीन तेच."

मामा पुढं झाले. डावा तळवा तिच्या उंचवट्यावर ठेवला. "थांब गं माय," म्हणाले. झुलीचं माप घेताना तिनं हा हात आणि हा आवाज ओळखीचा करून घेतला होता. तिनं एक मोठा श्वास सोडला. मान उतरली, पाठ सैल पडली. मामांनी तळवा अलगद काढला आणि डॉक्टरांनी दांडी सोडली. मी डोळे मिटले.

"चौदा पॉइंट दोन. बसली."

ग्यानबानं खिशातला गूळ काढून चांदणीच्या तोंडात घातला. चैत्रा अज्जाच्या गळ्यात पडली, आणि टेप, लिंग, चष्मा सगळं एकमेकांत अडकलं.

शर्यतीचं मी काय सांगू, मी निम्मी बघितली आणि निम्मी ओरडण्यात घालवली. नऊ घोडे, तीन फेऱ्या, जो उधळला तो बाद. पहिल्या फेरीत चांदणी पाचवी. दुसऱ्या फेरीत दोघं उधळून बाद झाले आणि ती तिसरी. शेवटच्या वळणावर तिनं दोन नंबरच्या हुमनाबादच्या राजाला गाठलं, तो तिच्या अंगाला खेटला आणि एकदम चौखूर सुटला, म्हणजे बाद. चांदणीनंही मान झटकली, मी म्हटलं, झालं, गेलं सगळं. पण चैत्रानं लगाम ओढला नाही की टाच मारली नाही. पेला हातात धरल्यासारखी तशीच बसून राहिली. चांदणीचे पाय तालात पडत राहिले, टप टप टप टप, आणि पुढं फक्त तुळजा उरली. चुन्याच्या रेषेवर चांदणी एका मानेनं पुढं होती. माझा आवाज बसला तो चार दिवस. शाळेत फळ्यावर लिहून शिकवलं मी.

मामा ओरडले नाहीत. शर्यतभर टेप दोन्ही मुठींत धरून ताणत होते. नंतर बघितलं तर टेपच्या कडेची शिवण उसवली होती.

परत येताना बसवकल्याणला टेम्पो चहाला थांबला. चैत्रा मागं चांदणीच्या शेजारी कडब्यावर झोपली होती, बिल्ला छातीला लावूनच. मी आणि मामा बाकड्यावर. चहा आला तरी ते पीत नव्हते. मला म्हणाले, "हात दे."

मी हात पुढं केला. त्यांनी टेप माझ्या खांद्यावर ठेवून मनगटापर्यंत सरळ लावला. आकडा बघितला. मग म्हणाले, "आता कोपरात वाकीव. लिहिताना वाकवतेस तसं." मी वाकवला. त्यांनी परत टेप लावला, कोपरावरून वळवून. मनगटापर्यंत पोचायला टेप दोन बोटं जास्त लागला. ते त्या दोन बोटांकडं बघत राहिले.

"तवा म्या सरळ हाताचं माप घेतलो गं," ते म्हणाले. "तुझे हात वाढले न्हवते."

मी म्हटलं, "चहा घ्या मामा, थंड व्हायलाय."